भेदभावाची तक्रार आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग हे कोर्ट आहे का?

नाही. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ या कायद्याखाली १२ ऑक्टोबर १९९३ रोजी आयोग स्थापन झाला. साक्षीदाराला समन्स काढणं, सरकारी कार्यालयातलं रेकॉर्ड मागवणं, शपथेवर जबाब घेणं, या बाबतीत त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र तो कुणाला शिक्षा करत नाही, कुणाला नोकरीवरून काढत नाही. चौकशी करून सरकारला शिफारस करतो.

अध्यक्षपदावर भारताचे माजी सरन्यायाधीश किंवा सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश असतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी फक्त माजी सरन्यायाधीशच चालत. दोन सदस्य न्यायसंस्थेतले आणि तीन मानवी हक्कांच्या विषयातले जाणकार असतात. या तिघांत किमान एक महिला हवी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला आणि बालहक्क या राष्ट्रीय आयोगांचे अध्यक्ष आणि दिव्यांगांसाठीचे मुख्य आयुक्त हेही पदसिद्ध सदस्य असतात. पण कायद्यात एक बारीक गोम आहे: धोरण, अभ्यास, तुरुंगभेटी अशा कामांपुरतेच ते सदस्य मानले जातात, एकेका तक्रारीच्या चौकशीत ते बसत नाहीत. त्यामुळे ‘तिथे आपल्या आयोगाचे अध्यक्ष आहेतच, ते बघतील’ या भरवशावर राहू नका.

भेदभाव झाला की थेट आयोगाकडे जाता येतं का?

बहुतेक तक्रारी इथेच घसरतात. आयोग दोन गोष्टी तपासतो. पहिली, जगण्याचा, स्वातंत्र्याचा, समानतेचा किंवा प्रतिष्ठेचा हक्क मोडला गेला का. दुसरी, त्यात लोकसेवकाचा हात होता का, किंवा तो रोखण्यात लोकसेवकाने हयगय केली का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्याचं उत्तर कितीही ठसठशीत असलं तरी तक्रार पुढे सरकत नाही.

लोकसेवकाची व्याप्ती बरीच मोठी आहे. पोलीस, तलाठी, तहसीलदार, ग्रामसेवक, सरपंच, सरकारी रुग्णालयातले डॉक्टर, जिल्हा परिषदेचे शिक्षक, तुरुंगाधिकारी, पालिकेचे अधिकारी असे सगळे त्यात येतात.

‘हयगय’ हा शब्द तक्रारदाराच्या सर्वांत कामाचा आहे. गावातल्या काही जणांनी एका कुटुंबाला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, हे खासगी माणसांचं कृत्य झालं. त्या कुटुंबाने पोलीस ठाण्यात जाऊनही गुन्हा नोंदवला गेला नाही, गटविकास अधिकाऱ्याला अर्ज देऊनही कुणी पाहायला आलं नाही, की ती लोकसेवकाची हयगय झाली. आयोगाकडे ही दुसरी गोष्ट न्यायची असते. पहिली तिची पार्श्वभूमी म्हणून येते.

घरमालकाने जात विचारून घर नाकारलं, खासगी कंपनीने धर्म पाहून मुलाखतीतून वगळलं. मग काय करायचं?

सगळ्या प्रकारच्या भेदभावाला सगळीकडे लागू होईल असा एकच सर्वसमावेशक कायदा भारतात नाही. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती; तसा आयोग आजवर आलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) कायम ठेवला. म्हणजे इथे मोकळी जागा आहे, आणि ती भरून काढण्याचा अधिकार मानवी हक्क आयोगाला नाही.

तरी हात बांधलेलेच असतात असं नाही. कोणत्या कारणाने भेदभाव झाला त्यावर पुढचा रस्ता ठरतो:

– जात, आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर: १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. सामाजिक वा आर्थिक बहिष्कार, पाणवठा, स्मशानभूमी, दवाखाना, शाळा, दुकान यांत अडवणूक हे त्याच्या कलम ३ खाली गुन्हे आहेत. अस्पृश्यता पाळण्याबद्दल १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदाही आहे.

– जातपंचायतीचा बहिष्कार, मग जात कोणतीही असो: महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

– दिव्यांगत्व: २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. तक्रार राज्य आयुक्तांकडे किंवा मुख्य आयुक्तांकडे.

– तृतीयपंथी व्यक्ती: २०१९ चा कायदा. घर भाड्याने घेण्यातला भेदभावही यात मनाई केलेला आहे. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे.

– एचआयव्ही: २०१७ चा कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी, उपचार, शिक्षण, घर यांत भेदभावाला बंदी. तक्रार राज्याच्या लोकपालाकडे.

– कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ: २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती, तीन महिन्यांच्या आत.

या रस्त्यांवर एखादा अधिकारी दाद देत नसेल, तर मात्र त्याच्या हयगयीची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे करता येते.

राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग, महिला आयोग, अनुसूचित जाती आयोग… यातलं नेमकं कोणाकडे जायचं? सगळीकडे एकदम पाठवली तर?

सगळीकडे एकदम पाठवू नका. अधिनियमाचं कलम ३६(१) सांगतं की राज्य आयोगापुढे किंवा कायद्याने स्थापन झालेल्या दुसऱ्या कोणत्याही आयोगापुढे जे प्रकरण प्रलंबित आहे, त्याची चौकशी राष्ट्रीय आयोग करू शकत नाही. राज्य आयोगालाही असंच बंधन आहे. पाच ठिकाणी पाठवलेल्या अर्जाबद्दल पाचही ठिकाणांहून ‘प्रकरण दुसरीकडे चालू आहे’ असं उत्तर येण्याची वेळ येते आणि महत्त्वाचे महिने वाया जातात.

दुसरा सापळा प्रतिलिपीचा. मुख्यमंत्र्यांच्या नावे अर्ज लिहून खाली ‘प्रत माहितीसाठी: राष्ट्रीय मानवी हक्क आयोग’ असं टाकलं, तर ती आयोगाच्या लेखी तक्रार धरली जात नाही. आयोगाकडे जायचं असेल तर अर्ज आयोगालाच उद्देशून हवा.

निवडताना असा विचार करा. तक्रार महाराष्ट्र पोलीस, महसूल, जिल्हा परिषद, राज्याचा तुरुंग अशा राज्य यंत्रणेविरुद्ध असेल तर मुंबईतला महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग जवळ पडतो. सुनावणीला दिल्लीपर्यंत धाव घ्यावी लागत नाही. राष्ट्रीय आयोगाकडे पाठवली तरी तो ती राज्य आयोगाकडे वर्ग करू शकतो. रेल्वे, केंद्रीय दलं, केंद्र सरकारची कार्यालयं यांच्याविरुद्ध असेल तर राष्ट्रीय आयोग.

नोकरीतली बढती, बदली, बिंदुनामावली, रोस्टर हे विषय मानवी हक्क आयोग ‘सेवाविषयक बाब’ म्हणून सहसा घेत नाही. पण अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्याची आरक्षणाशी किंवा जातीवरून झालेल्या छळाशी निगडित तक्रार राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग घेतो. तो संविधानाच्या अनुच्छेद ३३८ खालचा आयोग आहे. जमातींसाठी ३३८-अ, इतर मागासवर्गासाठी ३३८-ब. वर्गात मुलांना जातीवरून वेगळं बसवणं, शाळेतला मानसिक छळ यासाठी बालहक्क आयोग. शिक्षणहक्क कायद्याने त्यालाच देखरेखीचं काम दिलं आहे.

किती दिवसांत तक्रार करावी लागते?

घटनेपासून एक वर्षाच्या आत. ही मुदत कलम ३६(२) मध्येच आहे, त्यामुळे आयोग ती स्वतःच्या मर्जीने वाढवू शकत नाही. २००३ मध्ये एन. सी. धौंडियाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. बेकायदा डांबून ठेवल्याची ती तक्रार होती, आणि सुटका झाल्यावर तो ‘चालू राहिलेला’ अन्याय म्हणता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं.

भेदभाव मात्र पुष्कळदा खरोखरच चालू असतो: वस्तीला आजही नळजोडणी नाही, स्मशानभूमीचा रस्ता आजही अडवलेला आहे. अशा वेळी ‘दहा वर्षांपासून त्रास आहे’ असं लिहून थांबू नका. गेल्या वर्षभरातला ताजा नकार, ताजा अर्ज आणि त्याला मिळालेली ताजी टोलवाटोलवी तारखेसह पुढे ठेवा. जुना इतिहास दोन ओळींत.

तक्रार लिहायची कशी?

ठराविक नमुना असलाच पाहिजे असं नाही, पण तक्रार वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच पाच गोष्टी मिळाव्या लागतात: कोणाच्या बाबतीत घडलं, कुठे, केव्हा, कोणत्या अधिकाऱ्याने काय केलं किंवा काय केलं नाही, आणि तुम्हाला काय हवंय. फरक पाहा. असं लिहिलेलं वाया जातं:

‘आमच्या समाजावर गावात वर्षानुवर्षे अन्याय होत असून प्रशासन झोपले आहे. तरी आम्हाला न्याय मिळावा ही नम्र विनंती.’

यात एकही तारीख नाही, एकही पद नाही. आयोगाच्या नियमावलीत ‘मोघम’ तक्रार न घेण्याची तरतूद आहे आणि ही तिच्यातच जाऊन पडते. हेच असं लिहा:

‘१२ मार्च रोजी सकाळी ७ च्या सुमारास माझ्या पत्नीला गावातील सार्वजनिक विहिरीवर जातीवाचक शिवीगाळ करून पाणी भरू दिले नाही. त्याच दिवशी दुपारी १ वाजता आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने आमची तक्रार लिहून घेतली नाही; ‘गावात मिटवून घ्या’ असे सांगितले. १४ मार्च रोजी पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला, पोचपावती जोडली आहे. आजपर्यंत गुन्हा नोंद नाही.’

दुसऱ्या मजकुरातली शिवीगाळ हा गुन्हा आहे आणि त्याचा तपास पोलिसांनी करायचा. आयोगाच्या कामाचं आहे ते दुपारी एक वाजता ठाण्यात घडलेलं. अधिकाऱ्याचं नाव माहीत नसेल तर पद, ठाणं आणि वेळ लिहा. त्या वेळी ड्यूटीवर कोण होतं हे स्टेशन डायरीतून निघतं.

मागणीही सुटसुटीत हवी. ‘कठोर कारवाई व्हावी’ यापेक्षा ‘गुन्हा नोंदवावा, ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली हयगयीबद्दल प्रशासकीय चौकशी करावी, अंतरिम मदत मिळावी’ असं लिहिलेलं बरं. हयगय करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. पण त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस यावी लागते, आणि ही पायरी कुणी मागितली नाही तर ती आपसूक होत नाही.

सोबत काय जोडायचं?

अर्जांच्या प्रती आणि त्यांच्या पोचपावत्या. बाकी सगळं नंतरही देता येतं. सरकारी कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कार्यालय शिक्का देत नसेल तर तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टाने पाठवा. ‘आमच्याकडे असा अर्ज आलाच नाही’ हे अहवालातलं अतिशय नेहमीचं वाक्य आहे आणि त्यावर शिक्क्याइतकं दुसरं उत्तर नाही.

व्हिडिओ किंवा फोटो असतील तर मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा; व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलमधली तारीख-वेळेची माहिती बहुधा पुसली जाते. दवाखान्याचे कागद, जातीचा दाखला, साक्षीदारांची नावं जोडा. पन्नास पानं वर्तमानपत्रांची कात्रणं मात्र नकोत.

मराठीत लिहिलं तर चालतं का? फी किती? वकील लागतो का?

चालतं, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत तक्रार देता येते. फी नाही. वकील लागत नाही. पीडिताच्या वतीने नातेवाईक, कार्यकर्ता, संस्था कुणीही तक्रार करू शकतं. लिहून द्यायला मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा (हेल्पलाइन १५१००): महिला, मुलं, दिव्यांग, कोठडीतल्या व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

पाठवायची कुठे?

आयोगाच्या एचआरसीनेट पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. स्वतःला जमत नसेल तर आपल्या भागातल्या सामायिक सेवा केंद्रातून. पोस्टाने पाठवायची तर पत्ता: मानव अधिकार भवन, ब्लॉक सी, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. माहितीसाठी टोल-फ्री क्रमांक १४४३३. पोस्टाच्या अर्जावर सही विसरू नका, बिनसहीचा अर्ज घेतला जात नाही. मोबाइल क्रमांक नीट लिहा, कारण डायरी क्रमांक आणि पुढचे निरोप त्यावरच येतात.

नाव न सांगता तक्रार करता येते का?

नाही. निनावी किंवा टोपणनावाची तक्रार सहसा विचारात घेतली जात नाही. शिवाय अहवाल मागवताना तक्रारीची प्रत संबंधित खात्याकडे जाते, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना तुमचं नाव कळणारच, असं धरून चाला. ओळख गुप्त ठेवावी अशी विनंती कारणासह अर्जात लिहिता येते. धोका मोठा असेल तर गावाबाहेरच्या एखाद्या संस्थेने स्वतःच्या नावाने तक्रार करणं जास्त सुरक्षित.

आयोगापुढे साक्ष देताना तुम्ही जे सांगता, ते तुमच्याविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणात वापरता येत नाही; अपवाद फक्त खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. पोलिसांविरुद्ध बोलल्यावर उलट गुन्हा दाखल होईल या भीतीने गप्प बसणाऱ्यांनी मानवी हक्क अधिनियमाचं हे कलम १५ लक्षात ठेवावं.

तक्रार पोचल्यावर पुढे काय होतं?

आधी डायरी क्रमांक, मग छाननी आणि केस क्रमांक. केस क्रमांकात चढता आकडा, राज्याचा आकडा, जिल्ह्याचा आकडा आणि वर्ष असतं. पुढच्या प्रत्येक पत्रावर तो टाका. छाननीनंतर चारपैकी एक घडतं: तक्रार सुरुवातीलाच फेटाळली जाते, राज्य आयोगाकडे वर्ग होते, संबंधित अधिकाऱ्याकडे ‘योग्य ती कारवाई करा’ असं सांगून निकाली काढली जाते, किंवा अहवाल मागवला जातो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल खूप गैरसमज आहे. पोर्टलवर ‘निर्देशांसह निकाली’ असं दिसलं की लोक समजतात, जिंकलो. प्रत्यक्षात आयोगाने फाइल आपल्या टेबलावरून हलवलेली असते. आदेशात बहुधा आठ आठवड्यांची मुदत असते आणि तक्रारदाराला सोबत घेऊन कारवाई करा असं म्हटलेलं असतं. तो आदेश डाउनलोड करा, त्याची प्रत घेऊन स्वतः त्या कार्यालयात जा, आवक क्रमांक घ्या. आठ आठवड्यांत काहीच झालं नाही तर त्या आवक क्रमांकासह आयोगाला पुन्हा लिहा. हा पाठपुरावा न केल्यामुळे मरणाऱ्या तक्रारी पुष्कळ आहेत.

चौथ्या प्रकारात खात्याला साधारण चार आठवडे दिले जातात. अहवाल आला नाही तर स्मरणपत्र, मग अधिकाऱ्याला स्वतः हजर राहण्याचं समन्स. अहवाल आल्यावर बऱ्याचदा त्याची प्रत तक्रारदाराला पाठवून म्हणणं मागवलं जातं. या पत्राला उत्तर द्याच. उत्तर न आल्यास ‘तक्रारदाराला काही सांगायचं नाही’ असं गृहीत धरून प्रकरण बंद होतं. अहवालातल्या परिच्छेदांचे क्रमांक घालून, कुठे काय खोटं आहे आणि त्याविरुद्ध तुमच्याकडे कोणता कागद आहे, एवढंच लिहा. राग समजण्यासारखा असतो. पण उत्तरात तारखा जास्त उपयोगी पडतात.

हक्कभंग झाल्याचं दिसलं तर आयोग सरकारला कारणे दाखवा नोटीस काढतो: पीडिताला आर्थिक मदत देण्याची शिफारस का करू नये? ज्या अधिकाऱ्याच्या नावावर ठपका येणार असेल त्यालाही बाजू मांडू द्यावी लागते. यात वेळ जातो.

पोलिसांविरुद्धची तक्रार, आणि अहवालही पोलिसांचाच?

आक्षेप रास्त आहे. कायदा आयोगाला आधी सरकारकडून माहिती मागवण्याची मुभा देतो, आणि आयोगाच्या स्वतःच्या तपास विभागातही पोलीस अधिकारीच असतात. जगभरच्या मानवी हक्क संस्थांना श्रेणी देणाऱ्या जागतिक आघाडीने २०२३ आणि २०२४ मध्ये भारताच्या आयोगाची पुनर्मान्यता पुढे ढकलली, तेव्हाच्या कारणांत तपासातला पोलिसांचा सहभाग आणि आयोगाच्या रचनेतला विविधतेचा अभाव ही दोन होती. अशा संस्था सरकारपासून स्वतंत्र असाव्यात, हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९३ मध्ये स्वीकारलेल्या पॅरिस तत्त्वांचा गाभा आहे.

तक्रारदाराने करण्यासारखं एक आहे. ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार आहे त्याच ठाण्याच्या किंवा त्याच उपविभागाच्या अधिकाऱ्याकडून अहवाल घेऊ नये, आयोगाच्या तपास विभागाकडून किंवा जिल्ह्याबाहेरच्या वरिष्ठांकडून चौकशी व्हावी, असं पहिल्याच अर्जात कारणासह लिहा. मान्य होईलच असं नाही. पण नंतर अहवाल एकतर्फी आला, तर ही हरकत आधीच नोंदलेली असते.

पोलिसांनी आधी ‘प्राथमिक चौकशी’ करू असं सांगितलं. बरोबर आहे का?

ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१८ मध्ये आलेल्या कलम १८-अ नुसार एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास किमान डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र द्यायचं असतं. तिथेही अडलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांकडे आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ॲट्रॉसिटीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. आयोगाकडे जाण्यासाठी हे रस्ते संपायची वाट पाहावी लागत नाही, पण हे केलेलं असेल तर हयगय सिद्ध करणं सोपं जातं.

आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक असते का?

कायद्यातला शब्द ‘शिफारस’ असाच आहे. सरकारने एक महिन्यात, किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत, काय केलं ते कळवायचं असतं. सशस्त्र दलांच्या बाबतीत तीन महिने, आणि तिथे आयोगाला स्वतः तपास करता येत नाही. केंद्राकडून अहवाल मागवून शिफारस करता येते, बस.

५ फेब्रुवारी २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मानवी हक्क अधिनियमाच्या कलम १८ खालच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक आहेत असा निर्णय दिला. न पटल्यास सरकारने न्यायालयात आव्हान द्यावं, शिफारस नुसती दप्तरात ठेवून देता येणार नाही, असा त्याचा रोख होता. महाराष्ट्रातल्या प्रकरणात हा निकाल दाखला म्हणून मांडता येईल, आपोआप लागू होणार नाही. शिफारस अडकली तर आयोग किंवा तक्रारदार उच्च न्यायालयात जाऊ शकतात.

पैसे किती मिळतात?

आयोगाचं ठरलेलं दरपत्रक नाही. प्रकरण पाहून रक्कम सुचवली जाते, आणि चौकशी संपण्याआधी अंतरिम मदतही सुचवता येते. ॲट्रॉसिटी नियमांखालची मदत वेगळी: गुन्ह्याच्या प्रकारानुसार २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत, एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकाल अशा टप्प्यांनी. ही मदत समाजकल्याण खात्यामार्फत येते, तिच्यासाठी आयोगाची वाट पाहू नका. ती रखडली असेल, तर ते रखडणं मात्र आयोगाकडे नेण्यासारखं आहे. गटारसफाईतल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवले होते, २०२३ मध्ये ते ३० लाख केले.

आयोग स्वतः कोर्टात गेल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि भेदभावाच्या संदर्भात त्यातलं एक फार महत्त्वाचं आहे. अरुणाचल प्रदेशात स्थायिक झालेल्या चकमा निर्वासितांना राज्य सोडून जाण्याच्या धमक्या विद्यार्थी संघटनेकडून येत होत्या. राज्य सरकार पुरेसं संरक्षण देत नव्हतं आणि नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवले जात नव्हते. आयोग अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की जीविताचं संरक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला आहे, आणि राज्याने ते द्यायलाच हवं. धमकावणारे खासगी लोक, हयगय सरकारची: आयोगाच्या कामाचा नेमका साचा. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणातही आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००४ मध्ये न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला.

एका माणसाची नव्हे, सगळ्या समाजाची तक्रार असेल तर?

बातमी वाचून किंवा अर्जावरून आयोग स्वतःहून दखल घेऊ शकतो. कायद्यांचा आढावा घेणं, अभ्यास करणं हेही त्याचं काम आहे. अनुसूचित जातींवरील अत्याचारांबद्दल आयोगाने २००४ मध्ये सविस्तर अहवाल काढला. पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या बाबतीत सराईत गुन्हेगार कायदा रद्द करावा अशी शिफारस केली. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याची सावली राज्यांच्या या कायद्यांत राहिली.

तुरुंग हा यातला दुर्लक्षित विषय. आयोग कोणत्याही तुरुंगाला किंवा सरकारी निवासी संस्थेला भेट देऊ शकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कैद्यांना कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं. यानंतरही एखाद्या कारागृहात झाडू-संडासाचं काम ठराविक जातीच्याच कैद्यांना दिलं जात असेल, तर कैद्याचे नातेवाईक बराक, काम आणि तारखा लिहून आयोगाकडे थेट तक्रार करू शकतात.

तक्रार केल्यावर गावात त्रास वाढला तर?

नवा प्रकार म्हणून लगेच त्याच केस क्रमांकावर कळवा, आणि पोलिसांतही स्वतंत्र अर्ज द्या. ॲट्रॉसिटी कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचं स्वतंत्र प्रकरण आहे. विशेष न्यायालयाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. तक्रारीत मदत करणाऱ्या कार्यकर्त्यालाच धमक्या येत असतील, तर आयोगात मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी वेगळा संपर्क अधिकारी आहे, तक्रार त्याच्या नावे करावी.

तक्रार फेटाळली. अपील कुठे?

अधिनियमात अपिलाची तरतूद नाही. फेटाळण्याचं कारण आदेशात दिलेलं असतं, ते आधी नीट वाचा. ‘मोघम’, ‘सही नाही’, ‘वाचता येत नाही’ अशा कारणाने फेटाळली असेल तर दुरुस्त करून पुन्हा देता येते, फक्त वर्षाची मुदत संपलेली नसावी. ‘न्यायप्रविष्ट’ हे कारण चुकीचं लावलं आहे असं वाटत असेल, म्हणजे कोर्टातला वाद जमिनीचा आणि तुमची तक्रार पोलिसांच्या वागण्याची असेल, तर तो फरक दोन परिच्छेदांत मांडून फेरविचारासाठी लिहा. तरीही जमलं नाही तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून घोषित करण्याची सोय कलम ३० मध्ये आहे, पण तिथे नेमके कोणते गुन्हे चालवायचे ते कायद्यात स्पष्ट नाही, त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.